फियाटची आंघोळ

हमरापूर, ता. पेण
४ ऑक्टोबर १९९६

आदरणीय व्याही महिपतीराव यांना दत्तात्रेयाचा नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या दारात माझ्या फियाटखाली बारदान अंथरण्यात आलं. त्याबद्दल मी चार दिवस गप्प राहिलो. मुलीच्या बापाला रागवायची परवानगी नसते हे मला ठाऊक आहे. पण तक्रार करायला तरी मनाई नसावी, अशा समजुतीने लिहितो.

तान्ह्या मुलाखाली दुपटं घालतात तसं ते बारदान होतं. गाडी थांबायच्या आत आपण स्वतः ते पुढे सरकवलंत, हात लावून अंदाज घेतलात आणि मग मला म्हणालात, "आता या." आळीतली चार माणसं बघायला जमली. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "गळतं का हो?" प्रश्न गाडीबद्दल होता की माझ्याबद्दल, हे मला अजून कळलेलं नाही.

फियाट जुनी आहे, मान्य. पण ती मी हौसेने घेतलेली नाही. आमच्या अनिताला, म्हणजे आपल्या सूनबाईला, सातवा चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचाही रिवाज आहे. आठव्यात पोरीला हलवत नाहीत, हाही आहे. एस्टीतून आणायचं म्हटलं तर तिची आई, आमच्या इंदुबाई, अंगावर येतात. "नागोठण्याचे खड्डे तुमी पोटात घेऊन बघा, मंग सांगा!" म्हणून गणपतींचा हंगाम आटोपल्या आटोपल्या ही गाडी घेतली. तिच्याखाली बारदान अंथरा, सतरंजी अंथरा, पण पोरीला कधी न्यायला येऊ ते कळवा. आठवा लागायला महिनासुद्धा उरलेला नाही.

आपला,
दत्तात्रेय


रोहा
९ ऑक्टोबर १९९६

श्री. दत्तात्रेय यांस महिपतीचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. उजव्या अंगठ्याला सूज असल्यामुळे मजकूर सूनबाईकडून लिहवून घेत आहे. अक्षर तिचं, विचार माझे.

बारदानाचा आपण इतका विचार केलात याचं नवल वाटलं. त्याआधीच्या खेपेला आपल्या गाडीने आमच्या अंगणात ताटाएवढं तेल सांडलं होतं. त्यावरून भर दुपारी माझा पाय घसरला. डाग दिसला नाही असं नव्हे. माझं लक्ष दुसरीकडे होतं. कंबर आठ दिवस धरली होती. तरी मी अवाक्षर काढलं नाही, बारदान काढलं.

मी सव्वीस वर्षं कंपनीच्या गाड्यांवर देखरेख केलेली आहे. आपली गाडी नुसत्या वासावरून ओळखता येते. बॉनेटच्या आत महिनाभर न बदललेल्या भज्यांच्या तेलाची कढई असावी तसा तो वास आहे. तेलकट इंजिन तापलं की धूर आत बसणाऱ्याच्या नाकात जातो. सूनबाईची अवस्था नाजूक आहे. सबब इंजिन स्वच्छ धुऊन घेतल्याशिवाय मी तिला त्या गाडीत बसू देणार नाही. इंजिन धुवा, मग तारीख बोलू.

महिपती

(बाबा, अण्णा सांगतात तसं लिहिते आहे. मी बरी आहे. आईला सांगा, पाय सुजत नाहीत. – अनिता)


हमरापूर
१४ ऑक्टोबर १९९६

आदरणीय महिपतीराव,

आपल्या अंगठ्याला लवकर आराम पडो. तोवर लेखनिक उत्तम मिळाली आहे. माझ्याच पोरीच्या हातचं टपोरं अक्षर आणि त्यात माझ्याच गाडीची निंदा, असा योग फार थोड्या बापांच्या नशिबी असेल.

सूनबाईला वास सोसत नाही हे वाचून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ही मुलगी रंगाच्या डब्यांमध्ये रांगली. टर्पेंटाइनचा वास आल्याशिवाय तिला झोप लागत नसे. रोह्याच्या हवेत काहीतरी विशेष असलं पाहिजे. इतकी नाजूक माणसं तिथे तयार होतात, आणि तीही इतक्या कारखान्यांच्या शेजारी.

असो. मुलाकडच्यांनी हत्ती मागितला तर तो द्यायचा, इथे तर नुसतं इंजिन धुवायचं आहे. हुंड्यात इतकी वर्षं लोकांनी काय काय मागितलं, पण इंजिनाची आंघोळ मागणारे आपण पहिले. आमच्याकडे मूर्ती रंगवायचा कॉम्प्रेसर आहे. त्यातून पाण्याचा सणसणीत फवारा मारतो. गाडी पेणला एक फेरी मारून आली की इंजिन तापलेलं असतं, तेव्हाच गार पाणी सोडतो म्हणजे तेल पटकन सुटेल. तेवढ्याने भागलं नाही तर सरळ खाडीत बुडवून काढतो. विसर्जनाचा आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

इंदुबाईंनी खोली सारवून ठेवली आहे. पाळण्याला मी रंग दिला. गौरीच्या शालूचा उरलेला हिरवा होता, तोच. एवढं सगळं झालेलं असताना तारखेसाठी अडून राहावं लागतं हे बरं दिसत नाही.

दत्तात्रेय


रोहा
१८ ऑक्टोबर १९९६

श्री. दत्तात्रेय यांस,

कृपा करून गाडीला हात लावू नका. आधी हे पत्र पुरतं वाचा.

तापलेल्या इंजिनावर गार पाणी म्हणजे तापल्या तव्यावर पाण्याचा हबका. तवा तडकला तर पोळी राहते, इंजिन तडकलं तर गाडी राहते. खाडीचं तर नावच काढू नका. खारं पाणी एकदा वायरींच्या सांध्यांत शिरलं की वर्षभर हिरवी बुरशी फुलत राहते. आणि तो कॉम्प्रेसर गणपतींनाच लखलाभ असो. जोराच्या फवाऱ्याने पाणी जिथे जाऊ नये तिथेच जातं.

गाडी रात्रभर उभी असू द्या. सकाळी इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री करा. बॅटरीची वजा बाजूची वायर सोडवून ठेवा. मग डेल्को शोधा. डेल्को म्हणजे ती काळी टोपी, जिच्यातून जाड वायरी प्लगांकडे जातात. ठिणगी तिथून वाटली जाते. तिथे पाण्याचा थेंब गेला की गाडी मेली. डेल्कोला आणि शेजारच्या कॉइलला फडकं गुंडाळा, वर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. कार्बोरेटरचं तोंडही तसंच झाका. साचलेल्या चिकट्याला रॉकेलचा ब्रश मारा, पेट्रोलचा नव्हे, आणि त्या वेळी जवळपास कोणी बिडी ओढत नाही ना ते पाहा. मग साबणाचं पाणी, मग तांब्याने हळूहळू साधं पाणी. बॉनेट उघडं टाकून उन्हात वाळू द्या. सुरू करण्यापूर्वी फडकी-पिशव्या काढा. पंख्यात अडकलेलं फडकं मी पाहिलेलं आहे, ते पुन्हा पाहायची इच्छा नाही.

एवढं नीट केलंत तर रविवारी, सत्तावीस तारखेला सकाळी या. आठवा एकोणतिसला लागतो. नंतर माझ्या नावाने बोल नको.

महिपती

(मी बरी आहे. – अ.)


हमरापूर
२९ ऑक्टोबर १९९६

आदरणीय महिपतीराव,

आमच्या कारखान्यातल्या पोपटच्या हाती तोंडी निरोप पाठवला होता तो मिळालाच असेल. रविवारी सकाळपासून अंगणात बारदान अंथरून आपण वाट पाहत बसलात, असं त्याने येऊन सांगितलं. आता घडलं ते सविस्तर लिहितो, कारण या प्रकरणातला आपला वाटा मोठा आहे.

शनिवारी सकाळी आपलं पत्र बॉनेटवर दगडाखाली ठेवलं आणि एकेक ओळ वाचत काम केलं. इंजिन गार होतं. वायर सोडली. फडकं गुंडाळलं, पिशवी बांधली, अशी घट्ट की कोणी आमच्याकडे मूर्तीची ऑर्डर द्यावी. रॉकेल, साबण, तांब्या, सगळं अक्षरशः. इंजिन असं निघालं की इंदुबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं. बाकी सगळं उन्हात वाळलं. रात्री दव पडू नये म्हणून डेल्कोची पिशवी मात्र मी तशीच राहू दिली, सकाळी निघताना सोडली.

किल्ली फिरवली. खर्र खर्र, आणि मग नुसतं खर्र. बॅटरी संपली. पोपट, शेजारचे तिघेचौघे आणि ज्यांचं काहीही काम नव्हतं असे सात-आठ जण ढकलायला आले. मी स्टीअरिंगवर. आमच्या कारखान्यापासून उतार आहे हे आपल्याला माहीत आहेच. उतार संपतो तिथे वळण आहे, आणि वळण आहे तिथे काळुरामचं शेत आहे. गाडी सुरू होईना, पण निघाली छान. मी ब्रेकवर उभा राहिलो. ब्रेक बसला, पण सरळ कापायला आलेल्या भातात.

काळुराम बांधावर बसून चहा पीत होता. तो उठलासुद्धा नाही. म्हणाला, "दत्ताशेठ, कापनीला अजून चार दिस हायेत. आतापासून मशीन आनलाव?"

पोपट म्हणाला, "अरं, मशीन नाय, पोरीला आनायला निघालेत."

"मंग हितं कशाला आले? ती काय माझ्या शेतात हाय?"

सोमवारी बैलांनी गाडी बाहेर काढली. मंगळवारी, म्हणजे आज, मोरू मेकॅनिकने डेल्कोची टोपी उघडली. आत पाण्याचे थेंब. हा मोरूला चमत्कार वाटला. इंदुबाईंना वाटला नाही. त्यांनी पिशवीसकट कोपऱ्यात टाकलेलं फडकं उचललं, पिळलं, त्यातून पाणी पडलं.

"अवं, ह्ये ओलं कशापाय बांधलंत?"

"फडकं ओलंच असतं!"

"मातीला ओलं असतं! इंजिनाला नाय! त्याची मूर्ती करायची व्हती काय?"

महिपतीराव, आमच्या कारखान्यात फडकं म्हटलं की ते ओलंच. शाडूची अर्धी मूर्ती रात्री ओल्या फडक्यात गुंडाळायची, वर प्लॅस्टिक, म्हणजे सकाळपर्यंत माती मऊ राहते. तीस वर्षं हात हेच करत आले. हाताने बादलीत बुडवलं, पिळलं, गुंडाळलं. डोक्याला विचारायला तो गेला नाही. आपलं पत्र मी पुन्हा पाहिलं. त्यात "फडकं गुंडाळा" एवढंच आहे. सव्वीस वर्षांच्या अनुभवात "कोरडं" या तीन अक्षरांना जागा नव्हती याचा खेद वाटतो.

आठवा लागला. फडकं पिळल्यापासून इंदुबाई माझ्याशी बोलत नाहीत. हिरवा पाळणा बघून उठून जातात. डेल्को वाळल्यावर गाडी मात्र पहिल्या किल्लीत सुरू झाली. आता ती कुठे न्यायची ते आपणच कळवा.

दत्तात्रेय


रोहा
१ नोव्हेंबर १९९६

श्री. दत्तात्रेय यांस,

आपलं पत्र ऐकून, म्हणजे वाचून, मी थक्क झालो.

मी "कोरडं फडकं" असंच सांगितलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. "कोरडं, स्वच्छ, कोरडं" हे माझे शब्द. कंपनीत नव्या पोरांना मी हेच सांगत असे. सूनबाई म्हणते, तिने लिहिलं होतं. आपण म्हणता, नव्हतं. तेव्हा आपण किंवा ती, कोणीतरी एक खोटं बोलत आहे, आणि माझ्या घरात बसून माझे शब्द बदलले जात असतील तर मला ते समजलं पाहिजे. तसं असेल तर मी यापुढे तिच्या सांगण्यावरून पाऊलही उचलणार नाही, कुठेच जाणार नाही. अठरा तारखेचं ते पत्र परत पाठवा. चिरंजीव नितेश ते बघेल.

आठव्यात सूनबाईला पाठवणार नाही, हे सांगायला नकोच.

महिपती

(बाबा, अण्णांनी दोनदा "कोरडं" सांगितलं होतं हे खरं आहे. वेगळं पत्र पाठवते आहे. – अ.)


रोहा
१ नोव्हेंबर

ती. बाबा,

अण्णांचा अंगठा ठणठणीत आहे. डोळे गेले आहेत. दोन्हींत मोतीबिंदू. पेपर वाचतात म्हणून रोज ओटीवर बसतात. दसऱ्याला मी बघितलं तर तो उलटा होता. ताटाएवढा तेलाचा डाग त्यांना दिसला नाही तो ह्यामुळेच. सासूबाई असत्या तर त्यांच्या कधीच लक्षात आलं असतं. डोळे इतके गेलेत हे आमच्या लक्षात यायला त्यांना पडावं लागलं.

गेल्या वर्षी नितेशने डोळ्यांच्या शिबिरात त्यांचं नाव घातलं होतं, तर ऐन सकाळी परसदारातून निघून गेले, संध्याकाळपर्यंत नदीवर बसून राहिले. ऑपरेशनला फार घाबरतात, पण तसं म्हणणार नाहीत. या वेळी शिबिर सहा तारखेला आहे. "सूनबाई हात धरून नेणार असेल तर येतो," एवढं कसंबसं कबूल केलंय. मी पेणला आले असते तर संपलंच होतं. इंजिनाचं खुसपट त्यांनी मला अडवायला काढलं, आणि मी मुकाट्याने लिहून घेतलं. मग तुम्ही खरंच धुवायला निघालात.

त्यांनी दोनदा सांगितलेला शब्द मी लिहिलाच नाही. तुमच्या हाताला फडकं दिलं की तो आधी बादलीकडे जातो, हे मी लहानपणापासून बघते आहे. वाटलं, गाडी एक-दोन दिवस बसून राहील, तेवढ्यात आठवा लागेल. काळुकाकांचं भात माझ्या हिशेबात नव्हतं. त्यांची माझ्या वतीने माफी मागा.

तुम्हाला आधीच खरं का लिहिलं नाही? तर तुम्ही अण्णांना चार टोमणे मारले असते. एक सांगायचं राहिलं, तुमची पत्रं मीच त्यांना वाचून दाखवते, टोमणे गाळून. त्यामुळे पत्रं फार लहान होतात. अण्णा म्हणतात, "तुझा बाप साधा माणूस आहे, पण थोडक्यात लिहितो."

ओल्या फडक्याचं मात्र गाळता आलं नाही, गाडी कशाने बसली ते अण्णांनी खोदून विचारलं. नितेशने अठरा तारखेचं ते पत्र बघितलं तर तो खोटं बोलू शकत नाही, तुम्हाला माहीत आहे. अण्णांचा माझ्यावरचा विश्वास उडाला की सहा तारखेला ते पुन्हा नदीवर. आईला इथे पाठवा ना, बाबा. बाळंतपण रोह्यात होऊ दे. आईला राग येईल, पण मी इथे हवी आहे.

तुमची,
अनिता


हमरापूर
४ नोव्हेंबर १९९६

आदरणीय महिपतीराव,

टपालाला वेळ लागेल म्हणून हे पत्र पोपटच्या हाती पाठवतो. तो पेणला एस्टी पकडून दुपारपर्यंत आपल्याकडे पोचेल.

आधी गाडीचं. ती ठीक आहे. इंजिन आपण सांगितलं होतं तसं स्वच्छ आहे, वास नाही, तेलाची गळती मोरूने बंद केली. उद्या संध्याकाळी इंदुबाईंना घेऊन येतो. त्या बाळंतपण होईपर्यंत आपल्याकडे राहतील. रिवाज मोडतो आहे, याची जाणीव आहे. त्यांची समजूत घालायला मला रात्र लागली. "पोरीनं माहेरी नाय यायचं, तं माहेरानं पोरीकडं जायचं का?" असं त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच उठून बोचकं बांधायला लागल्या. पाळणा टपावर बांधून आणतो. आपल्याकडे तो कुठे टांगायचा ते आपणच ठरवा. रंग हिरवा आहे, भडक वाटला तर तसं म्हणायला हरकत नाही, मला राग येणार नाही.

मी दोन-तीन दिवस राहीन म्हणतो. परवा कुठे जायचं-यायचं असलं तर गाडी दारात आहे. सूनबाईला आता चालत नेणं बरं नव्हे. ती पुढे बसेल, आपण मागे बसा.

काळुरामला भेटलो. पडलेलं भात आम्ही दोघांनी मिळून कापलं. कापताना त्याने मला विळा कसा धरायचा ते सांगितलं आणि मी ऐकून घेतलं.

आता त्या पत्राचं. आपण ते परत मागितलंत. पाठवण्यासारखं राहिलेलं नाही. बॉनेटवर ठेवलं होतं तिथे त्यावर रॉकेल सांडलं, नंतर ते कारखान्यात पिवळ्या रंगाच्या डब्याखाली गेलं. काल शोधून काढलं आणि उन्हात धरून पुन्हा वाचलं.

मी घाईत वाचलं होतं. एकोणतीस तारखेला आपल्याला जे लिहिलं ते चुकीचं होतं, ते मागे घेतो. आपल्या सूनबाईने आपला एकही शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. तिच्या सांगण्यावरून आपण निर्धास्त पाऊल उचलावं.

"कोरडं" हा शब्द तिथे आहे. आपण म्हणता तसा, दोनदा.

आपला,
दत्तात्रेय